सासूबाईंसाठी ऊबदार उजेड

सांगून ठेवते, फ्लॅश हा प्राणी माणसाळवता येतो! स्टुडिओवाला, नणंदबाई, आमचे हे, सगळे एका सुरात म्हणाले, "नाही येत." म्हणूनच मी कॅमेरा हातात घेतला.

सासूबाईंनी ज्या शिवणवर्गात उभी हयात शिकवलं, तिथल्या बायकांनी त्यांचा फोटो हॉलमध्ये लावायचं ठरवलं. फ्रेमवाला संध्याकाळी फोटो न्यायला येणार होता. आणि सासूबाईंचा एकही धड फोटो नाही! स्टुडिओतल्या फोटोत चष्म्याच्या जागी दोन ट्यूबलाइट आणि चेहरा असा, जणू चोर बॅटरीच्या झोतात सापडलाय. तो बघून त्या म्हणाल्या, "माझ्याऐवजी मशीनचा लावा. ते तरी माझ्यासारखं दिसतं." म्हणाल्या हसत, पण फोटो पालथा घातला. ते मला लागलं.

"आई, चेहरा तुमचा चांगलाच आहे. उजेड उद्धट आहे. मी लावते त्याला वळण!"

"आधी पोरांना लाव," पेपरामागून ह्यांचा आवाज आला.

मी लक्ष दिलं नाही. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशच्या तोंडावर बटर पेपर बांधला. उजेड मऊ झाला खरा, पण सासूबाई उकडलेल्या बटाट्यासारख्या दिसायला लागल्या. आता ऊब हवी होती. शिवणाऱ्या बाईच्या घरात कापडाला काय तोटा? कपाटातून जर्दाळू रंगाचं अस्तर काढलं, दोरी बांधली आणि सासूबाईंच्या नि फ्लॅशच्या मध्ये टांगलं; कॅमेऱ्याचं भिंग तेवढं खालून डोकावत होतं.

काय सांगू! उजेड नुसता साईसारखा गालावर उतरला. फक्त सासूबाईंचे डोळे मिटलेले.

"आई, डोळे उघडे ठेवा."

"ठेवते गं. तेच ऐकत नाहीत."

पुन्हा फ्लॅश. मिटलेले. पुन्हा. मिटलेले! शेवटी सासूबाई वैतागल्या. वैतागल्या की त्यांना ओव्या सुचतात. हात नाचवत त्यांनी सूर लावला,

"वीज पडावी रानात, पडे माझ्या डोळ्यांवरी,
सून माझी गुणाची, मला पांढरं भूत करी!"

"एकच शेवटचा!" मी ओरडले. असे शेवटचे बरेच झाले.

आता समोरच्या इमारतीत घड्याळं दुरुस्त करणारे काका राहतात. एका डोळ्याला भिंग लावून बसलेले. त्यांनी दुसऱ्या डोळ्यानं आमच्या खिडकीत काय पाहिलं? लालपिवळा भडका, त्यात हात वर करून किंचाळणारी म्हातारी, पुन्हा भडका! काकांनी हातातलं घड्याळ टाकलं आणि फोन उचलला.

आगीचा बंब घंटा वाजवत आमच्याच दारात थांबला. ह्यांनी दार उघडलं.

"आग कुठंय?"

ह्यांनी घाबरून आतल्या खोलीकडे, म्हणजे माझ्याकडे, बोट दाखवलं.

दाराएवढा जवान आत घुसला. त्याचा खांदा कॅमेऱ्याला लागला, कॅमेरा माझ्या हातात हिंदकळला, अस्तर दोरीसकट खाली आलं. "आजी, चला बाहेर!" म्हणत त्यानं सासूबाईंचा दंड धरला.

"बूट काढ आधी! अस्तर आहे ते!"

"अहो आजी, आग..."

"आग नाही नि बीग नाही! आणि काय रे बाबा, ही बाही कुणी शिवली? काखेत एवढी उसवलीय. ह्यातून ठिणगी गेली म्हणजे?"

सासूबाईंनी त्याची बाही दोन्ही हातांत धरली. कॅमेरा विसरल्या, मला विसरल्या, बंब विसरल्या. चष्मा कपाळावर सारून त्या टाका बघायला लागल्या. डोळे टक्क उघडे!

मी बटण दाबलं.

फोटो बघितला आणि तसाच सासूबाईंपुढे धरला. सकाळचं कोवळं ऊन पायरीपायरीनं उतरावं तसा उजेड एकेका सुरकुतीतून उतरला होता. त्या चेहऱ्यात काळजी होती, थोडा राग होता, आणि आयुष्यभराची शिवण होती. सासूबाईंनी बराच वेळ बघितला. पालथा नाही घातला.

"ही मी आहे," म्हणाल्या, आणि जवानाला उसवलेला कोट काढायला लावला.

फ्रेमवाला फोटो घेऊन गेला. हे मात्र कॅमेरा न्याहाळत बसले होते.

"अगं, धक्क्यानं फ्लॅशची मान मुरगळलीय. तोंड होतं त्या जवानाच्या छातीकडे. बटर पेपर तर केव्हाच गळून पडलाय! उजेड त्याच्या नारिंगी कोटावर आपटून आईवर आला. तुझं काय त्यात?"

"कोट काय आपल्या पायांनी चालत आला? मी आणवला!"

आजही मी हेच म्हणते! फोटो हॉलमध्ये दिमाखात लागला आणि आता शिवणवर्गातल्या झाडून सगळ्या बायकांना माझ्याच हातचा फोटो हवाय. अस्तरं सगळ्या रंगांची लावून पाहिली. कुणी बटाटा होतं, कुणी गाजर. शेवटी ताठ मानेनं बंबाच्या ठाण्यावर गेले आणि कोट उसना मागितला.

साहेब शांतपणे म्हणाले, "बाई, आग लागल्याशिवाय कोट बाहेर निघत नाही."

मी म्हटलं, "बरं. बघते!"

तेव्हापासून आमच्या घरातल्या काड्यापेट्या ह्यांच्या खिशात असतात.