दहाव्याचे सर

टाळेबंदीच्या काळात अध्यापन अखंडित सुरू राहील, असं परिपत्रक आमच्या महाविद्यालयानं काढलं. ते नेमकं कुठून सुरू राहील, याचा उल्लेख परिपत्रकात नव्हता. मी तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक. म्हणजे तास घेतला तर डॉ. ज्ञानेश्वर पडवळ, नाही घेतला तर सोमाजी पडवळांचा थोरला. बरीच वर्षं मी राज्यशास्त्र शिकवत होतो आणि शिकवता शिकवता कायम होण्याची वाट बघत होतो. महाविद्यालय जुन्नर तालुक्यात, घर आंबेगाव तालुक्यात, महाळुंगे पडवळला. दोन तालुक्यांच्या हद्दीवर पोलिसांनी आडवे बांबू बांधले आणि माझी मोटारसायकल गोठ्यात म्हशीशेजारी उभी राहिली.

घरात नेटवर्क नव्हतं. स्लॅबवर चढलं तर एक कांडी यायची आणि तास सुरू करून 'नमस्कार' म्हणेपर्यंत जायची. गावात भरगच्च नेटवर्कची जागा एकच, ओढ्याकाठचा दशक्रिया घाट. पत्र्याचं शेड, सिमेंटच्या पायऱ्या, पिंड ठेवायला ओटा आणि वर मोबाइल कंपनीचा टॉवर. जिवंतपणी ज्याला रेंज मिळाली नाही त्याला निदान दहाव्या दिवशी मिळावी, असा कुणीतरी विचार केलेला दिसतो.

पहिल्या दिवशी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून निघालो, तेव्हा वडील ओसरीवर बसले होते.

"कुठं निघाला रं?"

"कॉलेजला."

"कॉलेज वर हाय. तू खाली घाटाकडं चाललाय."

"सध्या तिथंच भरतं, दादा."

दादांनी तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि मग रोजचा प्रश्न विचारला. "परमनंटचं काय झालं?" हा प्रश्न ते मी नेट-सेट झालो तेव्हापासून विचारत आलेत. आधी मला राग यायचा. नंतर मी तो घरातल्या घड्याळासारखा ऐकू लागलो.

घाटावर मी ओट्यावर फोन उभा करून तास घ्यायचो. समोर काळ्या चौकटी आणि त्यात नावं. कॅमेरे बंद, आवाज बंद. मी हजेरी घेई आणि ओढ्यातले बेडूक उत्तर देत. प्रश्न विचारायची ती एकटी वृषाली. ती खोडदची. गावाशेजारी उभ्या असलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या अवाढव्य अँटेनांना कुठल्या कुठल्या आकाशगंगांचं ऐकू येतं म्हणतात, पण वृषालीला माझं ऐकायला बांधावरनं बरंच लांब चालत जावं लागे. तरी ती येई. 'सर, हे पुन्हा सांगा' म्हणे. एवढ्या एका वाक्यावर मी पुढचा तास तयार करायचो, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

मूलभूत हक्कांचा धडा चालू होता. समतेचा हक्क झाला, स्वातंत्र्याचा झाला. "आता शोषणाविरुद्धचा हक्क," असं मी म्हणालो आणि घाटावर इरफानचा टेम्पो येऊन थांबला. इरफान मूळचा जुन्नरचा. मंडप आणि साउंडचा व्यवसाय. लग्नं बंद झाल्यापासून त्याच्या स्पीकरला दहाव्याचाच काय तो आधार राहिला होता.

त्या दिवशी आमच्याच भावकीतल्या रंगनाथकाकांचा दहावा होता. आता आमच्याकडचा दहावा म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. पिंडाला कावळा शिवेपर्यंत प्रवचन होतं आणि शिवला की श्रद्धांजलीची भाषणं. पतसंस्था बोलते, दूध डेअरी बोलते, सोसायटी बोलते. पुढारी दिवसाला तीन-तीन घाट करतात. माणूस जिवंत असताना त्याच्याबद्दल जे कुणाच्या स्वप्नातही येत नाही, ते तिथं माईकवर बोललं जातं. पण त्या दिवशी प्रवचनकार पिंपरी पेंढारहून निघाले आणि हद्दीवरच्या बांबूपाशी अडकले. पुढारी घरातच होते. मोजकी माणसं तोंडाला रुमाल बांधून लांब लांब बसली होती आणि माईक मोकळा होता.

इरफान माझ्याजवळ आला. "सर, तुमी तर रोज हितं बोलताच. कुणी नसताना बोलता. आज माणसं हायेत, तर दोन शबुद बोला की राव."

या युक्तिवादाला राज्यशास्त्रात उत्तर नव्हतं. मी माईक घेतला. रंगनाथकाका मनमिळाऊ होते, कष्टाळू होते, सर्वांना सोबत घेऊन जाणारे होते, असं म्हणालो. आवाज आपोआप जड झाला. "त्यांच्या जाण्यानं जी पोकळी निर्माण झाली आहे, ती कधीही भरून निघणार नाही," असं म्हणालो आणि त्याच क्षणी कावळा शिवला. माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हाताऱ्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले.

गडबडीत मी तास बंद करायला विसरलो होतो. फोन ओट्यावर तसाच उभा होता आणि सगळ्या काळ्या चौकटींनी भाषण ऐकलं होतं. एवढंच नव्हे, जे कधीच यायचे नाहीत तेही निरोप मिळून जोडले गेले होते. एकाचा कॅमेरासुद्धा चालू होता. त्याची आई पदरानं डोळे पुसत होती.

संध्याकाळी प्राचार्यांचा फोन आला. माझी तासिका गेली असं समजून मी उभ्यानंच घेतला.

"पडवळ सर, आजची उपस्थिती पाहिली. महाविद्यालयाच्या इतिहासात अशी उपस्थिती नाही. हा उपक्रम आपण विस्तारकार्यात दाखवू. शीर्षक काय द्यायचं?"

"सर, तो दहावा होता."

"तेच. समाजाभिमुख अध्यापन, दशक्रियेच्या माध्यमातून. पुढचा कधी आहे?"

अशा रीतीनं मी वेळापत्रकात आलो. भाषणाचं ध्वनिमुद्रण गावोगावच्या ग्रुपवर फिरलं. मग हद्दीच्या अलीकडून, पलीकडून बोलावणी यायला लागली. जिथं जाता येईना, तिथं मी माझ्या घाटावरून बोलायचो आणि इरफानचा माणूस तिकडच्या घाटावर फोन माईकला लावायचा. टॉवेल, टोपी, नारळ हा मान रीतीप्रमाणे घरी पोचायचा. आई त्या नारळांना कंटाळली. आमच्या आमटीत, भाजीत, शेवटी पोह्यातसुद्धा कुणाच्या ना कुणाच्या दहाव्याचं खोबरं असे.

भाषण मात्र तेच होतं. वेळ कुठं होता. मनमिळाऊ, कष्टाळू, सर्वांना सोबत घेऊन जाणारे, पोकळी. मी फक्त नाव बदलायचो. एकदा मनात आलं की शिक्षण खात्याच्या म्हणण्यानुसार जिल्ह्यात एकही जागा रिकामी नाही आणि माझ्या म्हणण्यानुसार दोन तालुक्यांत पोकळीखेरीज काही उरलेलं नाही. पण तेवढ्यात पुढचा फोन आला आणि तो विचार तिथंच राहिला.

दादांनी पहिल्या भाषणाच्या दिवशीच विचारलं होतं. "रंगनाथ मनमिळाऊ व्हता व्हय?"

"गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, दादा."

"वाईट नगं बोलू. पर त्येनं आपला बांध कोरला. म्या तुझ्या आयला घिऊन तलाठ्याच्या दारात उभा व्हतो. त्यो सर्वांना सोबत घिऊन गेला म्हनतो, आमाला तर न्हाई नेलं." मग म्हणाले, "म्या गेल्यावं बी ह्येच बोलशील?"

मी चार्जर शोधायला आत गेलो.

त्याच सुमारास मंचरहून रिखबचंदशेठचा फोन आला. कापडाचं मोठं दुकान. आवाज ठणठणीत. "सर, आमच्यात दहावा करत नाहीत. पण तुमचं भाषण मला फार आवडलं. माझं करून टाका. मी असतानाच करा. नंतर मला कसं ऐकू येणार?"

हेही तर्कशुद्धच होतं. मी संशोधक माणूस, म्हणून त्यात एक पद्धत आणली. भाषणाचा मसुदा व्हॉट्सॲपवर आधी पाठवायचा आणि जे खरं नसेल ते खोडून परत मागवायचं. रिखबचंदशेठनी काहीही खोडलं नाही. उलट 'मितभाषी' हा शब्द घातला आणि तो का घातला हे सांगायला दुपारभर फोनवर बोलले. ठरल्या दिवशी सगळं कुटुंब स्क्रीनसमोर बसलं. मी बोललो. शेवटी त्यांच्या पत्नी धापूबाईंनी डोळे टिपले आणि शेजारी बसलेल्या यजमानांना हळूच विचारलं, "कोण गेलं हो?"

त्यानंतर जिवंतांची रीघ लागली. सरपंच, माजी सरपंच, भावी सरपंच. मसुदे जायचे आणि परत यायचे. एकाही मसुद्यातलं एक अक्षरही कुणी कधी खोडलं नाही. माझ्या प्रबंधाला इतकी निर्विवाद मान्यता मिळाली नव्हती.

वृषालीचा निरोप मधूनमधून यायचा. 'सर, शोषणाविरुद्धचा हक्क कधी घेणार?' मी लिहायचो, 'या आठवड्यात नक्की.' आणि त्या आठवड्यात कुणीतरी जायचं. परीक्षा घरबसल्या झाली. सगळे पास झाले, तीही झाली.

टाळेबंदी उठली. बांबू निघाले. आणि ज्यासाठी दादांनी इतकी वर्षं एकच प्रश्न विचारला होता, ती जागा अखेर मंजूर झाली. कायम. मुलाखतीच्या दिवशी दादा माझ्याआधी उठले होते. त्यांनी माझे बूट पुसून उंबऱ्यापाशी ठेवले.

मंडळात संस्थेचे अध्यक्ष बाळासाहेब होते, प्राचार्य होते, विद्यापीठाचे दोन तज्ज्ञ होते. "सर, तुमची काय मुलाखत घ्यायची," बाळासाहेब म्हणाले. "आमच्या मातोश्रींच्या दहाव्याला ऐकलंय तुमाला. पर रीत हाय. धा मिन्टं शिकवून दावा."

मी विषय आधीच ठरवला होता. राहिलेला तोच. आज तो पुरा करायचा, निदान या चार खुर्च्यांपुढं तरी. मी फळ्यावर 'शोषणाविरुद्धचा हक्क' लिहिलं, वळलो, समोर गंभीर चेहरे पाहिले आणि माझा आवाज आपोआप जड झाला.

"बंधू-भगिनींनो, शोषणाविरुद्धचा हक्क हा मनमिळाऊ होता. कष्टाळू होता. सर्वांना सोबत घेऊन जाणारा होता."

मला ऐकू येत होतं मी काय बोलतोय ते. थांबता येत नव्हतं. कलम तेवीस आठवत होतं, पण तोंडातून 'शोकाकुल परिवार' बाहेर पडत होता. पोकळीपाशी आलो तेव्हा बाळासाहेबांनी टोपी काढली होती आणि प्राचार्य उभे राहिले होते. मग सगळेच उभे राहिले. विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी डोळे मिटून घेतले. दोन मिनिटं त्या खोलीत कुणी हललं नाही.

"वा," बाळासाहेब रुमालानं नाक पुसत म्हणाले. "असा मानूस न्हाई व्हायचा." मग त्यांनी मला बाजूला नेलं आणि खांद्यावर हात ठेवला. "सर, खरं सांगतो. तुमाला परमनंट केलं तर सकाळपास्नं हितं अडकून पडाल. दोन तालुक्यांनी करायचं काय? तुमच्या जाण्यानं घाटावर जी पोकळी व्हईल, ती भरून निघायची न्हाई."

वाक्य माझंच होतं.

"मग जागा?"

"आमचा भाचा हाय ना, आदेश. शिकवायला तुमच्यावानी न्हाई, पर त्येची कुठंच पोकळी पडत न्हाई. आन् हां, संध्याकाळी त्येच्या सत्काराला तुमीच बोलायचं."

मी बोललो. मनमिळाऊ, कष्टाळू. टाळ्या चांगल्या पडल्या.

घरी आलो तेव्हा दादा ओसरीवरच होते. या वेळी त्यांनी प्रश्न विचारला नाही. माझ्या हातातली शाल आणि नारळ बघून त्यांना कळलं. मग म्हणाले, "ज्ञाना, माझ्या दहाव्याला तू बोलू नगं. बोलायला दुसरा कुनीबी आन. तू नुसता बस."

मला ते फार लागलं. इतकं की मी आत जाऊन माझाच मसुदा लिहायला घेतला. म्हटलं, एकदा स्वतःबद्दल तरी खरं बोलू. मनमिळाऊ, कष्टाळू, विद्यार्थिप्रिय, त्यांनी पिढ्या घडवल्या. वाचून पाहिलं. मला त्यात खोडण्यासारखं काही सापडलं नाही. पण पद्धत म्हणजे पद्धत, म्हणून तो वृषालीला तपासायला पाठवला. ती आता जुन्नरला अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करते.

तासाभरात उत्तर आलं. 'सर, मनमिळाऊ वगैरे मला माहीत नाही, म्हणून तसंच ठेवलंय. पिढ्या घडवल्या हे तेवढं खोडलंय. आमचा धडा शोषणाविरुद्धच्या हक्कापाशी थांबला होता. पुढचं मी इथं पुस्तकातून वाचलं. पण तुम्ही घेणार असाल तर मी अजूनही येईन.'

मी तिला हात जोडलेलं चित्र पाठवलं. मग लगेच निघालो, कारण इरफानचा टेम्पो दारात उभा होता.

वाचकहो, आपलाही मसुदा तयार आहे. मनमिळाऊ, कष्टाळू, सर्वांना सोबत घेऊन जाणारे. नावाची जागा कोरी ठेवली आहे. नियमाप्रमाणे तो तपासणीसाठी पाठवत आहे. जे खरं नसेल ते खोडून परत करावं. तपासायला कुणाकडे द्यायचा, हे मात्र आपण ठरवायचं आहे. स्वतःच तपासणार असाल, तर परत पाठवायची तसदी घेऊ नका. मी तो तसाच वाचेन.