समोरच्या काठावरचा पांढरा

पूर्व काठ

सिद्धाप्पा मोजत होता. टिटव्या, शेकाट्या, बगळे. मे महिन्यात तळं पार आटलेलं, काठावरची माती तव्यासारखी तापलेली. म्हणून तो घोट्याएवढ्या पाण्यात उतरून उभा होता. एक पाय दमला की वर घ्यायचा, दुसऱ्यावर उभं राहायचं. डोक्यावरून खांद्यांपर्यंत ओला पांढरा टॉवेल.

काल वनखात्याचे साहेब फोनवर म्हणाले होते, "यंदा एकही मोठा पक्षी दिसला नाही, तर वरचे म्हणतील, त्या डबक्याला राखणदार कशाला? चिंचोळीत एखाद्या कारखान्याच्या गेटवर बसशील की."

रोजंदारीवरचा सिद्धाप्पा "व्हय साहेब" एवढंच बोलला होता.

आणि आता समोरच्या काठाला, उन्हाच्या झळांआड, तो उभा होता. माणसाएवढा उंच. पांढरा. काडीसारखे पाय. मान नव्हतीच.

सिद्धाप्पाने पाय बदलला.

त्यानेही बदलला.

भर उन्हात सिद्धाप्पाच्या अंगावर काटा आला.

पश्चिम काठ

फिरदोस मॅडम कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि दर उन्हाळ्यात मोजणीला यायच्या. नियम त्यांचाच: दोघांनी दोन काठांवर मोजायचं, मोजताना एकमेकांशी बोलायचं नाही.

त्यांनाही तो दिसला. दुर्बिणीत नुसती झळ हलत होती, आणि झळेमागून तो त्यांच्याकडेच बघत होता. असा पक्षी कुठल्याच पुस्तकात नव्हता.

त्यांनी साहेबांना मेसेज केला. अनोळखी पक्षी, फार मोठा. पलीकडून सिद्धाप्पानेही साहेबांनाच फोन लावला होता.

साहेब म्हणाले, "दोघांनी पाहिला म्हणजे आहेच. उद्या येतो."

बाभळीखाली

"मॅडम, दिसला?"

"दिसला. सारखा माझ्याकडं बघत होता हो."

"न्हाय न्हाय, माज्याकडं बगत हुता. लई वंगाळ नजर."

"तुमच्याकडं कसा बघेल? तुमच्याच काठाला तर होता."

"माज्या? तुमच्या काठाला हुता की!"

मग दोघं एकमेकांच्या डोक्यावरच्या ओल्या टॉवेलाकडे बघत राहिले. दोन्ही टॉवेल एकाच गठ्ठ्यातले होते. अक्कलकोट रोडला मॅडमच्या भावाचे, मोईनचे माग होते, तिथून त्यांनीच आणलेले.

"या अल्ला," मॅडम म्हणाल्या. "साहेबांना खरं सांगून टाकते."

"सांगा की. आन् चिंचोळीची बस कुटनं सुटती, त्ये बी इचारून ठेवा."

मॅडमनी डोक्यावरचा टॉवेल काढला, पिळला आणि त्याच्यापुढे धरला.

"उद्या हा पण घ्या. एका टॉवेलात तुम्ही फार बारीक दिसता."

पाणी

दुसऱ्या दिवशी सिद्धाप्पा दोन्ही टॉवेल पांघरून पश्चिम काठाच्या पाण्यात उभा राहिला. पूर्वेच्या मचाणावर साहेब चढले, मागोमाग मॅडम.

"सिद्धाप्पा कुठंय?"

"ताप आलाय त्याला."

पाण्यावरून शब्द न् शब्द ऐकू येत होता. सिद्धाप्पाने श्वास रोखला, एक पाय वर घेतला.

"अरे वा!" साहेब ओरडले. "मॅडम, जोडी आहे की!"

सिद्धाप्पाने टॉवेलाच्या फटीतून पाहिलं. मचाणापासून जरा अंतरावर, काल तो स्वतः जिथे उभा होता तिथेच, पाण्यात एक पांढरा उभा होता. आल्या वाटतं मॅडम मदतीला, त्याला बरं वाटलं. देवमाणूस बाई.

तेवढ्यात मचाणावरून मॅडमचा आवाज आला. बारीक, कोरडा.

"हो साहेब. दोन... दोन दिसतायत."

मचाणावर त्या उघड्या डोक्याने उभ्या होत्या. त्यांचा टॉवेल तर सिद्धाप्पाच्याच अंगावर होता.

"आता राखणदार कसा काढतील बघतो!" साहेब खुशीत होते. "मी स्वतः लिहितो वर. फक्त ही जोडी रोज दिसली पाहिजे बरं का!"

सिद्धाप्पाचा पाय भरून आला होता. त्याने तो हळूच खाली टेकवला.

समोरच्याने पाय वर घेतला. तसाच धरून ठेवला, आणि वाट बघू लागला.

आता पाळी सिद्धाप्पाची होती.