वेचक आणि ताईचं शटल

यंत्राला अक्कल शिकवता येते, हे मी छातीठोकपणे सांगतो. नातेवाइकांचं सांगता येत नाही!

मी एक प्रोग्रॅम लिहिलाय. नाव वेचक. इंटरनेटवरचं कुठलंही पान त्याच्यापुढे टाका. जाहिराती, शुभेच्छा, फापटपसारा बाजूला काढून कामाचं तेवढं तो वेचतो आणि जपून ठेवतो. धान्यातले खडे निवडणाऱ्या बाईसारखा. फरक एवढाच की बाई निवडता निवडता शेजाऱ्यांबद्दल बोलते, हा बोलत नाही.

ही हकिकत लिहितानाही त्याला शेजारी बसवलंय. मधूनमधून त्याचं मत येईल.

वेचक : वरील मजकुरातून ठेवण्याजोगं काही नाही.

असो.

ताईचं शिलाईचं दुकान आहे. त्यात एक जुनं, काळंभोर, म्हशीएवढं मशीन आहे. जाडजूड कापड ते लोण्यासारखं शिवतं. ताईनं नाट्यगृहाचा मखमली पडदा शिवायला घेतला होता. शनिवारी नव्या नाटकाचा पहिला प्रयोग. अर्धा पडदा शिवून झाला आणि मशीनचं शटल तुटलं. शटल म्हणजे खालच्या दोऱ्याची बॉबिन ज्यात बसते तो लहानसा पोलादी भाग. मशीन बनवणारी कंपनी कधीच बुडालेली.

"पडदा वेळेत गेला नाही तर नाट्यगृहाचं काम कायमचं हातचं जाईल," ताई म्हणाली. "मग बसते मी उशांचे अभ्रे शिवत!"

"ताई, तू निश्चिंत राहा. वेचक आहे!"

"त्याला शिवता येतं?"

मी लॅपटॉप उघडला. वेचकनं अख्खं इंटरनेट पालथं घातलं आणि एका जुन्या मेकॅनिकच्या पानावरून रत्न उचलून आणलं. 'शटल. जुनं, चालू. एकच नग.' खाली फोन नंबर.

"लाव की फोन!" ताई म्हणाली.

"अगं, एका पानावर निर्णय घ्यायचा नसतो. आणखी माहिती येऊ दे. मग तुलना करू."

"बरोबर आहे!" भावजी, म्हणजे ताईचे यजमान, खुर्चीत सरसावून बसले. घासाघीस हा त्यांचा एकमेव व्यायाम. "पहिल्याच दुकानात गरज दाखवली की माणूस संपला!"

मग मी दोन सोयी केल्या. एक, वेचकला जे सापडेल ते 'घरचं पान' म्हणून इंटरनेटवर सगळ्यांना दिसेल असं ठेवलं, कारण ताईच्या डोक्यात पासवर्ड राहत नाही. दुसरी, फतवा काढला. "मला ऊठसूट फोन नि मेसेज करायचे नाहीत. काय ते घरच्या पानावर लिहा. त्यातलं कामाचं वेचक माझ्यापर्यंत पोचवेल."

"मीसुद्धा?" शेजारीच उभ्या असलेल्या बायकोनं विचारलं.

"तू तर नक्कीच!"

ती बरं म्हणाली. ज्या आवाजात म्हणाली तो मी ऐकायला हवा होता. दुसऱ्या दिवशी पहाटे ती ऑफिसच्या ट्रेनिंगला परगावी गेली. तिथे दिवसभर फोन जमा करून घेत.

वेचक : पत्नी परगावी. ठेवलं.

सकाळी मी बॅग खांद्याला अडकवून ताईच्या दुकानात गेलो. बॅगेतलं काहीतरी बरगडीला टोचत होतं. चार्जर असेल म्हणून मी बाजू बदलली.

"ताई, दोन शटलं!"

दुपारी चार झाली. संध्याकाळी सोळा! दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेपर्यंत चाळिशी ओलांडली. जगात शटलांचं अमाप पीक आलं होतं.

"आता भाव पाडतो बघा!" भावजींनी मेकॅनिकला फोन लावला. "हॅलो! तुमच्याकडे शटल आहे म्हणे. आमच्यापुढे चाळीस पडलीयेत. विचार करून ठेवा!" आणि तो काही बोलायच्या आत फोन बंद. "असं तंगवायचं असतं!"

मग यादीतला पुढचा नंबर.

"हॅलो! तुमच्याकडे शटल आहे ना?"

"अहो, मगाशी तुम्हीच होता ना?"

भावजींनी फोनवर हात ठेवला. "यांची संघटना दिसते. आवाजसुद्धा सारखा!"

तिसरा नंबर.

"पुन्हा तुम्हीच? अहो, ऐकून तर घ्या..."

भावजींनी फोन असा टाकला की जणू तो चावला. मी नंबर ताडून पाहिले. सगळे एकच! मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घरचं पान उघड्यावर होतं. वेचक इंटरनेटभर शटल शोधत फिरत होता, तेव्हा त्याला आमचंच पान सापडलं. त्यावरचं शटल त्यानं आमच्याच पानावर आणून ठेवलं. मग ते नवीन सापडलं. आरशापुढे आरसा धरून तो शटलं मोजत होता!

"म्हणजे चाळीस नाहीत?" ताईचा आवाज बारीक झाला.

"एकच आहे. पण आहे!"

या वेळी फोन मी लावला. "काका, माफ करा. ते शटल..."

"तेच सांगतोय मघापासून! ते पहिल्याच संध्याकाळी गेलं. एक बाई आल्या आणि घेऊन गेल्या."

ताई मटकन स्टुलावर बसली. अर्धा पडदा तिच्या पायाशी लोळत होता.

"कोण सटवी होती ती!" ताई कडाडली.

"हावरट मेली!" भावजी.

"काही माणसांना दुसऱ्याची गरजच दिसत नाही," मी म्हणालो. मी नेहमी तात्त्विक बोलतो.

"कुणाबद्दल चाललंय?" दारात बायको उभी होती. ट्रेनिंग संपवून स्टेशनवरून थेट आलेली.

"शटल पळवणाऱ्या बाईबद्दल!" ताई म्हणाली. "बघ ना गं, आपल्या तोंडचं काढून नेलं तिनं!"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मग सरळ येऊन माझ्या बॅगेचा पुढचा कप्पा उघडला, शटल काढलं आणि ताईच्या हातावर ठेवलं.

"घ्या. त्या सटवीनं दिलंय."

दुकानात इतकी शांतता पसरली की टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. ती पडलीच. भावजींच्या हातातली.

"अगं, मग सांगायचं नाही का?" मी.

"पानावर लिहिलं होतं. नियम कुणाचा?"

मी वेचकची केराची टोपली उघडली.

'शटल आणलंय. तुझ्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात आहे. ताईंना दे.' शेरा : घरगुती गप्पा.

'दिलंस का?' शेरा : प्रश्न. माहिती नाही.

'गाढवा, दिलंस का?' शेरा : जाहिरात असावी.

पडदा शनिवारी लागला. शेवटची पट्टी टाचण्यांवर होती. तो वर गेला तेव्हा ताईचा श्वास त्याच्याबरोबर वर गेला आणि मध्यंतरात खाली आला. नाट्यगृहानं पुढचंही काम तिलाच दिलं. मला त्या दुकानात आता बॅग बाहेर ठेवूनच जावं लागतं.

वेचक मात्र सुधारलाय. सगळी हकिकत लिहून झाल्यावर मी ती त्याच्यापुढे टाकली आणि म्हटलं, यातलं कामाचं तेवढं ठेव.

त्यानं तीनच शब्द ठेवले. ते माझे नव्हते.

वेचक : "लाव की फोन!"