पंचापकेशरावांचं नाव घेते

आमच्या पंचूमामांकडे कुणी स्थळ सांगायला आलं, की ते मुलाचा पगार विचारत नाहीत, गोत्र विचारत नाहीत. विचारतात, "शेपूट कुठलं?" पाहुणा गडबडतो. मग मामा समजावतात, "नोकरीचं हो. मुलगा प्रॉडक्शनमध्ये, कन्स्ट्रक्शनमध्ये असला तर तो 'शन'मधला. शन म्हणजे काम चालू आहे. मॅनेजमेंट, इन्व्हेस्टमेंट असलं तर 'मेंट'मधला. मेंट म्हणजे काम झालं, बिल द्या. कष्टाळू जावई पाहिजे तर शन बघा, हुशार पाहिजे तर मेंट." मुलगा बायोटेक्नॉलॉजीतला निघाला तर मामा मान हलवतात. "लॉजी म्हणजे शास्त्र. म्हणजे अजून शिकतोच आहे. थोडं थांबा."

या पद्धतीनं मामांनी जुळवलेली लग्नं टिकलीत, हे मला नाइलाजानं कबूल करावं लागतं.

पंचूमामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. आम्ही तंजावरचे मराठी. इथे कधी आलो ते विचारू नका, राजांच्या मागून आलो आणि राजे गेले तरी राहिलो. मामांचा सगळा जन्म रेल्वेच्या बुकिंग खिडकीमागे गेला. मी लग्न होऊन काही वर्षं सोलापुरात होते, म्हणून मला देवनागरी लिहिता येते. मामांचं बोलणं मी इथं जरा सोलापुरी करून लिहिते, नाहीतर तुम्हाला दर वाक्याला तमिळ शिकावं लागेल. मामीचं मात्र मला बदलवत नाही.

मामांचं तत्त्वज्ञान एवढंच, की इंग्रजी शब्द डोक्याकडून धरला तर चावतो, शेपटाकडून धरला तर मुकाट्यानं अर्थ सांगतो. "शेपूट धर" हे त्यांचं दिवसातून हजारदा म्हणायचं वाक्य. आमच्या गल्लीत कुणी दवाखान्यातून आलं की आधी मामांच्या ओट्यावर येतं. डॉक्टर काय म्हणाले? गॅस्ट्रायटिस. "आयटिस म्हणजे सूज. घरी जा, ताक पी." आणखी काय म्हणाले? अपेंडेक्टमी. "एक्टमी म्हणजे कापून काढणं. आता मात्र दुसऱ्या डॉक्टरला विचार." शेजारच्या राजम्माळना त्यांच्या सुनेबद्दल काय वाटतं हे मामांनी एका शब्दात सांगितलं होतं, आणि तो शब्द 'साइड'नं संपत होता. साइड म्हणजे मारणं. राजम्माळ महिनाभर बोलल्या नाहीत. मग गुडघ्याला आर्थ्रायटिस झाला, तेव्हा आल्याच.

पण मामांचं खरं कर्तृत्व उखाण्यात. आमच्याकडे लग्नात नवरीनं नाव घ्यायचं हे अजून आहे. अडचण अशी, की आमच्या मुलींना मराठी कळतं, तोंडातून येत नाही. नाव घे म्हटलं की त्या तमिळमध्ये लाजतात. जुने उखाणे म्हणणाऱ्या म्हाताऱ्या एकेक करून गेल्या, आणि एका लग्नात तर नवरीनं नुसतं "श्रीनिवासन, बी. कॉम." एवढंच सांगितलं. त्या दिवशी मामा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शेपटांचे उखाणे रचायला घेतले. इंग्रजी शब्द मुलींना येतात, शेपटं आपोआप जुळतात, मधे मराठीचा चमचाभर मसाला.

"कावेरीला पाणी आलं, शेतात झालं इरिगेशन,
वेंकटरावांचं नाव घेते, संपलं माझं टेन्शन."

हा तर इतका गाजला, की तिरुवैयारूच्या एका लग्नात नवऱ्याचं नाव रघुनाथ असून नवरीनं वेंकटरावच म्हटलं.

मामांची अट एकच. उखाणा फुकट, पण लग्नाच्या आदल्या दिवशी येऊन परीक्षा द्यायची. "अर्थ ठाऊक नाही तो शब्द नवऱ्याच्या नावाशेजारी बसवायचा नाही." माझ्या उखाण्यात 'तंजावूर जंक्शन' होतं. मामांनी विचारलं, "जंक्शन म्हणजे?" मी म्हटलं, गाडी बदलायची जागा. मामा चिडले. "गाडी कुठेही बदलता येते. दोन रूळ येऊन एक होतात ते जंक्शन. पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. "पास," मामा म्हणाले, "आता कर लग्न."

तर गावातल्या इतक्या मुलींकडून इतक्या नवऱ्यांची नावं वदवून घेणाऱ्या या माणसाचं स्वतःचं नाव त्याच्या बायकोनं कधी घेतलं नव्हतं. एकदाही नाही. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं आणि मामांना ते फार लागत होतं.

मामांचं पूर्ण नाव पंचापकेशराव. तिरुवैयारूच्या देवाचं नाव, आजोबांनी नवसानं ठेवलेलं. अंबूमामी त्यांना "एन्नंग" म्हणते, म्हणजे तमिळमधलं "अहो". नाव घे म्हटलं की म्हणायची, "नाव लांब अहे. मज श्वास पुरत नाही." मामांनी छोट्या श्वासाचे उखाणे रचले. मामी स्वयंपाकघरात असली की ते दारात उभे राहून म्हणून दाखवायचे, आणि मामी इडलीच्या पिठाचा ग्राइंडर सुरू करायची. त्या घरच्यासारख्या मऊ इडल्या मी कुठे खाल्ल्या नाहीत, पीठ सदा दुप्पट वाटलेलं.

मामांनी शेवटी निदान केलं. "ऑनोमॅटोफोबिया. ऑनोमा म्हणजे नाव, फोबिया म्हणजे भीती. तुझ्या मामीला नावाची भीती आहे." आम्ही हसलो. मामीही हसली आणि ग्राइंडर सुरू केला.

आमच्याकडे साठी पुरी झाली की नवरा-बायकोचं पुन्हा लग्न लावतात. होम, मंगळसूत्र, हार, सगळं पहिल्यासारखं. मामांच्या साठीला आम्हाला वाटलं, आता मामी सुटत नाही. बायकांनी वेढा घातला, नाव घे, नाव घे. मामीनं ताटातला लाडू उचलून मामांच्या तोंडात कोंबला आणि पंगत वाढायला निघून गेली. मामांना बोलता येईना. लाडू गिळून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "अजून ऐंशी आहे."

आणि ऐंशी आली. पुन्हा लग्न, पुन्हा कल्याण मंडप, दाराला केळीचे खांब. यानंतर लग्न लावायचा मुहूर्त आमच्याकडे सहसा कुणाच्या वाट्याला येत नाही, म्हणून सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे. मंडपवालासुद्धा विचारून गेला, "मामी सोल्लुवांगळा?" म्हणजे मामी म्हणणार का.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी मामांकडे गेले, तर ते ओट्यावर एकटेच बसलेले. मी चेष्टेनं म्हटलं, "मामा, ऐंशीव्या वर्षी नावाचं कसलं वेड? कुठलं शेपूट म्हणायचं याला, मेनिया?" मामा हसले नाहीत.

"कमलू," ते म्हणाले, "मी जन्मभर खिडकीत बसून लोकांची नावं लिहिली. नाव, वय, कुठून कुठे. खिडकीच्या आतल्या माणसाला कुणी नाव विचारत नाही. ऑफिसात मी राव, तुम्हाला मामा, घरी एन्नंग. आई होती तोवर पुरं नाव घेऊन रागवायची. ती गेली, त्यानंतर ते नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. पेन्शनच्या रांगेतसुद्धा 'पंचा कोण, पंचा' म्हणतात. म्हटलं, जायच्या आधी एकदा ऐकावं. बस."

मी त्यांची थंड झालेली कॉफी आत नेऊन गरम करून आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपाच्या मागच्या खोलीत मी मामीच्या केसांत मल्लिगैचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा माळत होते. मी आज भांडायच्या तयारीनं आले होते. म्हटलं, "मामी, पुरे झालं. एवढंसं नाव घ्यायला काय जातं तुझं?"

मामी आरशातून माझ्याकडे बघत हळू म्हणाली, "माझें कांही जात नाही गो. त्यांचें जाईल. ओरत्तनाडूस, माहेरीं, माझे आजीनें सांगितलें होतें, बायकोनें नाव घेतलें की नवऱ्याचें आयुष्य उणें होतें. आजीनें एकदां घेतलें, तेच वर्षीं आजोबा गेले. मी तेव्हां लहान होतें, पण पाहिलें."

"आणि हे तू मामांना कधी सांगितलं नाहीस?"

"सांगितलें तर ते हसतील, म्हणतील घे, मज कांही होत नाही. मग मी काय करूं?" तिनं गजरा हातानं चाचपला. "त्यांस नाव पाहिजे. मज माणूस पाहिजे."

नावाची भीती, असं मामा इतकी वर्षं थट्टेनं म्हणत होते, आणि निदान अगदी बरोबर होतं. मला भांडण आठवेना. मी म्हटलं, "मग नको घेऊस, मामी. मी बघते बायकांकडे."

होम झाला, कलशाचं पाणी दोघांच्या डोक्यावर ओतून झालं, नागस्वर या लांब सनईच्या सुरात मामांनी पुन्हा एकदा मंगळसूत्र बांधलं. वाध्यार, म्हणजे आमचे भटजी, शंभर वर्षांचा आशीर्वाद म्हणून दमले आणि पाणी प्यायले. तेवढ्यात मामी ओल्या साडीनिशी त्यांच्याकडे वाकली आणि तिनं तमिळमध्ये विचारलं, हा सगळा होम आयुष्यासाठीच ना? नक्की? मंत्र कुठे गाळला नाही ना? वाध्यार दुखावले. म्हणाले, एक अक्षर गाळलं नाही. मामीनं आणखी काहीतरी कानात विचारलं. वाध्यार तिच्याकडे बघतच राहिले, मग मोठ्यानं म्हणाले, "ओण्णुम् आगादु, मामी." काही होणार नाही.

मी बायकांना आवरायला पुढे झाले होते. "आज नको, मामी दमलीय," असं म्हणतही होते. मामीनं मला हातानं बाजूला केलं. उभी राहिली, पदर खोचला, नागस्वरवाल्याला थांबायची खूण केली. मामा पाटावर बसल्या बसल्या ताठ झाले. मामी त्यांच्याकडे न बघता, होमातल्या निखाऱ्यांकडे बघत, स्वच्छ आवाजात म्हणाली,

"ओरत्तनाडूच्या मांडवात झालें रिझर्वेशन,
पंचापकेशरावांचे तिकिटास नाही कॅन्सलेशन."

पुढचा दंगा काय सांगू. नागस्वरवाल्यानं न सांगता वाजवायला सुरुवात केली, तवीलाचा ढोल त्याच्यापुढे धावला. राजम्माळ आर्थ्रायटिस विसरून खुर्चीवर चढल्या. ज्यांना मराठीचं अक्षर कळत नाही ते मंडपवाले, आचारी, सगळे टाळ्या वाजवत होते, कारण शेपटं सगळ्यांना कळली होती. मामांनी शिकवलेल्या, आता सासवा झालेल्या आमच्या बायका एकमेकींना मिठ्या मारत होत्या. आम्ही जिंकलो होतो. नक्की कुणाला हरवलं ते ठाऊक नाही, पण जिंकलो होतो.

मामांनी मात्र हात वर केला. मंडप पुन्हा शांत झाला, कारण नियम तो नियम, परीक्षा व्हायचीच.

"रिझर्वेशन म्हणजे?" मामांनी विचारलं.

मामी आता त्यांच्याकडे बघत होती. "आपले जागेवर दुसरें कुणी बसायचें नाही, तें."

"बरोबर. आणि कॅन्सलेशन?"

मामीनं थोडा विचार केला.

"तें मज ठाऊक नाही," ती म्हणाली.

अर्थ ठाऊक नाही तो शब्द नवऱ्याच्या नावाशेजारी बसवायचा नाही, हा मामांचा नियम. त्यापायी त्यांनी नवऱ्या मुलींना रडवलं होतं, मला दोनदा उत्तर द्यायला लावलं होतं. मामांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"पास," पंचापकेशराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उरलेले लाडू द्यायला गेले. मामा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. "एकदाच. कुणी ऐकत नाही. नुसतं नाव, उखाणा नको," असं काहीसं चाललं होतं.

"आतां शंभरीस," मामी म्हणाली, आणि तिनं ग्राइंडर सुरू केला.