नाळेचा चौथा रकाना

नाळ ही माणसाची पहिली स्थावर मालमत्ता होय. आमच्या जमैकात ती पुरून वर नीरफणसाचं रोप लावतात. ज्याचं झाड उभं, त्याला कुटुंबाच्या जमिनीत घरापुरती जागा. या पद्धतीत एकही कागद लागत नाही, हीच तिची मोठी त्रुटी.

सुदैवाने किंग्स्टनला नाळपेढी निघाली. तिथे नाळेचा तुकडा उणे एकशे शहाण्णव अंशांवर गोठवून ठेवतात. त्यातल्या पेशींनी पुढेमागे गुडघे, काळीज, मज्जातंतू असं काय काय दुरुस्त होऊ शकेल. (माहितीपत्रकात 'शकेल' एकतीस वेळा आहे, मी मोजलं. 'झाला' एकदाच, 'बाळाचा जन्म झाला' या वाक्यात.)

माझी पुतणी व्हर्लीन शिकलेली. तिने लेकीची, केझियाची, नाळ पेढीत ठेवली. आम्ही खणलेल्या खड्ड्यात कोंबड्या बसू लागल्या.

सहा वर्षांनी भाड्याची खोली सोडायची वेळ आली, तेव्हा तिने केझियाच्या नावाने जागा मागितली. (तिचं स्वतःचं झाड वादळात पडलं. पडलेलं झाड ग्राह्य नाही, ठराव क्रमांक नऊ.) कुटुंबाची बैठक भरली. अध्यक्ष माझा थोरला भाऊ एग्बर्ट, चिटणीस मी.

"झाड दाखव," एग्बर्ट म्हणाला.

तिने सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र दिलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं.

"याला फणस कधी लागतात गं?"

"काका, थट्टा पुरे! पोरीने झोपायचं कुठे?"

"नाळ असेल तिथे."

"त्या बर्फात?"

"मी नाही बाई ठेवली तिथे."

'खेळीमेळीच्या वातावरणात चर्चा झाली,' असं मी इतिवृत्तात लिहिलं.

आता नाळ परत आणून पुरणं एवढाच मार्ग उरला. पेढी नाळ परत देते, पण फक्त उपचारासाठी. अर्जाचा चौथा रकाना 'आजाराचं नाव'. व्हर्लीन माझ्याच टेबलाशी तासभर पेन चावत बसली. मग तिने लिहिलं, 'घर नाही.' मला भरून आलं. चिटणिसाला ते शोभत नाही.

सहा आठवड्यांनी उत्तर आलं. 'सदर आजारावर नाळेचा उपयोग अद्याप सिद्ध झालेला नाही.' पेढीचं बरोबरच आहे. आमच्या टेकडीवर याच आजारात गुण आल्याची त्रेचाळीस उदाहरणं उभी आहेत, पण फळं धरणारा पुरावा शास्त्रात बसत नाही.

बैठकीने मागणी एकमताने फेटाळली. (मीही हात वर केला. एकमताला एक हात कमी पडत होता.) व्हर्लीनने पेढीच्या गल्लीतच खोली घेतली. शाळेत जाताना केझिया पेढीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीकडे बोट करून मैत्रिणींना सांगते, "ते माझं झाड."

हसलात? हसा. तुम्ही मंडळी भाषणात 'आमची नाळ मातीशी जोडलेली आहे' असं म्हणता, हे मी ऐकून आहे. आमच्याकडे झाड आहे, केझियाकडे निदान पावती आहे. तुमची कुठल्या दवाखान्याच्या कचऱ्यात गेली, ते आईला विचारून या. मग अर्ज भरू. चौथा रकाना रिकामा सोडू नका.