तीन हजार एकशे चार अंकांचं अंतर

जर्मनीतल्या वुपरटाल शहरातली आमची वाचक संघटना न्यायालयात रीतसर नोंदलेली आहे. ‘अनंताच्या पल्याड’ ही अंतराळ-मालिका वाचणे, हे तिचं एकमेव उद्दिष्ट. मालिकेचा चौसष्ट पानी अंक साठ वर्षांपासून दर शुक्रवारी निघतो. कप्तान हायडेनराइख पहिल्या अंकात घरी परतायला निघाले, ते अजून पोचलेले नाहीत. मी संघटनेचा सचिव आहे.

आमच्या घटनेतलं चौथं कलम महत्त्वाचं. पुढचं वाचलेल्याने मागच्याला काहीही सांगायचं नाही. दोघांत शंभराहून जास्त अंकांचं अंतर असेल, तर एका टेबलावर बसायचं नाही आणि देखरेखीशिवाय बोलायचंही नाही. त्यामुळे दर बुधवारी आम्ही जमतो त्या खानावळीच्या मागच्या खोलीत आमची टेबलं अंकांच्या क्रमाने लावलेली असतात. पहिलं दाराशी, शेवटचं खिडकीशी.

ओटमार केसेनिख खिडकीशी बसायचे. नगरपालिकेच्या दिवाबत्ती खात्यातून निवृत्त, वय सदुसष्ट, चालू अंक ३११८. एका बुधवारी गुंडुला फ्रीलिंग नावाच्या बाई दाराशी येऊन बसल्या. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, जुन्या बाजारातून खोकंभर अंक घेऊन आलेल्या. अंक १४. त्या दिवशी बटाट्याच्या धिरड्यांची ताटली चुकून खिडकीशी गेली आणि केसेनिख ती घेऊन दाराशी आले.

“तुमची धिरडी,” ते म्हणाले.

“गार झाली की हो,” बाई म्हणाल्या.

“लांबून आलोय ना. तीन हजार एकशे चार अंक!”

बाई हसल्या. मी नोंद घेतली.

पुढच्या आठवड्यापासून त्यांना देखरेखीखाली दहा मिनिटांचं संभाषण मंजूर झालं. देखरेखीला मी, हातात घंटी. धोका दिसला की वाजवायची.

“आज आभाळ भरून आलंय,” केसेनिख म्हणाले.

मी घंटी वाजवली. २२०७व्या अंकात आभाळ भरून येतं.

“तुमची तब्येत बरी आहे ना?” बाईंनी विचारलं. केसेनिखांनी उत्तर द्यायला तोंड उघडताच मी पुन्हा वाजवली. कप्तानांची तब्येत १९०० ते १९४९ या अंकांत बरी नसते.

मग ते दोघं नुसतेच एकमेकांकडे बघत बसू लागले. बघण्याबद्दल घटनेत काहीच नव्हतं. जूनमध्ये त्यांनी लग्नाच्या परवानगीचा अर्ज केला.

अध्यक्ष टेगटमायर यांनी तो सहानुभूतीने वाचला. “अभिनंदन! पण लग्नात बोलावं लागतं हो. बाईंना आधी बरोबरीला येऊ द्या. रोज दोन अंक वाचले, तरी दर आठवड्याला एक नवा येणारच. म्हणजे साडेचार वर्षं.”

“मी बहात्तर वर्षांची होईन!” बाई म्हणाल्या.

“तेव्हा मालिका फार रंगात असेल,” अध्यक्ष म्हणाले.

मग केसेनिखांनीच मागे यायचं ठरवलं. पंधराव्या अंकापासून पुढचं सगळं विसरल्याचं प्रमाणपत्र मिळावं, असा अर्ज दिला. संघटनेने परीक्षा घेतली. वीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. केसेनिखांना शून्य गुण मिळाले.

“नापास,” अध्यक्ष म्हणाले.

“अहो, शून्यच हवं होतं ना?”

“अजाण माणसाला चुकून पाच तरी मिळतात. शून्य मिळवायचं तर सगळी उत्तरं पाठ लागतात.”

फेरपरीक्षेत केसेनिखांनी बरोबर पाच गुण मिळवले.

“अगदी पाच?” अध्यक्ष म्हणाले. “म्हणजे तयारी करून आलात!”

त्या संध्याकाळी केसेनिख जिन्यात बसून राहिले होते. “सचिव, एकावन्न वर्षं वाचलं हो मी,” ते म्हणाले. “आणि एक धड वाक्य बोलता येत नाही त्या बाईशी.” मला वाईट वाटलं. घंटी खिशात होती, ती मी घट्ट धरून ठेवली.

गुंडुलाबाईंनी तडकाफडकी राजीनामा दिला. “आता मी वाचकच नाही. आता बोलू द्या!” कार्यकारिणीने ठराव केला, की जो वाचक नाही तो भावी वाचक असतो आणि त्याचं अंतर सर्वांत जास्त. ठराव सगळ्यांनाच लागू असल्याने दुसऱ्या दिवसापासून केसेनिखांना पाववालीशी, पोस्टमनशी आणि सख्ख्या बहिणीशी बोलण्याची बंदी झाली. पाव ते बोटाने दाखवून घेऊ लागले.

सर्वसाधारण सभेत गुंडुलाबाई प्रेक्षकांत बसल्या होत्या. त्या उठल्या.

“अध्यक्ष, या मालिकेचा शेवट काय आहे?”

सगळ्यांनी कानांवर हात ठेवले.

“काढा ते हात! कुणाला ठाऊक आहे का?”

“शेवट अजून आलेला नाही,” अध्यक्ष म्हणाले.

“मग केसेनिख शेवटापासून किती लांब आहेत?”

“अनंत.”

“आणि मी?”

अध्यक्षांनी घटनेची पानं उलटली. “तुम्हीही... अनंत.”

“मग आमच्यात अंतर किती?”

खोलीत एक धिरडं कुरकुरलं. अंतर सुरुवातीपासून मोजायचं की शेवटापासून, याबद्दल घटना गप्प होती. सतरा विरुद्ध चार मतांनी अंतर शून्य ठरलं. टेबलं हलवताना दोन खुर्च्या मोडल्या. केसेनिख बाईंशी सलग पावणेतीन तास बोलले आणि मला एकदाही घंटी वाजवावीशी वाटली नाही.

पुढच्या वर्षी मे महिन्यात नोंदणी कार्यालयात त्यांचं लग्न झालं. साक्षीदार मी. सह्या झाल्यावर तिथल्या निबंधकबाई मोकळेपणाने हसल्या. “अठ्ठावीस वर्षं जोडपी बघतेय मी. माझंही दोनदा झालंय. आता पुढे काय होतं, सांगू?”

नवरा-बायको एका आवाजात ओरडले, “नको! आमचा पहिलाच अंक आहे!”

तुमच्यापैकी जे बरेच पुढच्या अंकांवर असतील, त्यांनीही कृपया तोंड बंद ठेवावं. आणि चेहरासुद्धा जरा सांभाळावा.