साळवे सिस्टरची झडती

साळवे सिस्टर समोरच्या माणसाचा आधी गाल पाहतात. तो फुगलेला नाही, अशी खात्री पटली की नमस्कार.

पडेगावात त्या आमच्या शेजारी राहतात. सगळी नोकरी मनोरुग्णांच्या वॉर्डात गेली. तिथं गोळी देऊन काम संपत नसे. ती पोटात गेली का, हे पाहावं लागे. काही रुग्ण ती गालात दाबून ठेवत आणि पाठ वळली की थुंकत. सिस्टर निवृत्त होऊन चार वर्षं झाली. आता गल्ली हाच त्यांचा वॉर्ड आहे.

एकदा समोरचे पठाण चाचा ओट्यावर बसून रक्तदाबाची गोळी घेत होते. सिस्टरनी फाटकातूनच फर्मावलं, "चाचा, आ करा."

"गिळली सिस्टर, खुदा कसम!"

"खुदाला मधी आणू नका. जीभ वर."

जिभेखाली गोळी नव्हती, सुपारी होती. ती डॉक्टरांनी बंद केलेली होती आणि मागे चाची उभ्या होत्या. तेव्हापासून चाचा सिस्टरना तोंड मिटून, नुसत्या मानेनं सलाम करतात.

"बघा, तोंड उघडीत नाय," सिस्टर म्हणतात. "काहीतरी हाय."

माझ्या सर्दीच्या गोळीचीही झडती झाली. घोटाचा आवाज आला नाही, म्हणून मला दुसरा पेला प्यावा लागला.

अशा शेजारात राहून मीही संशयी झालो. सिस्टरचा धाकटा भाऊ मिलिंद त्यांच्याकडेच असतो. त्याला पूर्वी भास होत, कानात आवाज येत. औषध अजून चालू आहे. रोज संध्याकाळी सिस्टर बशीत गोळी ठेवतात, मिलिंद ती घेऊन आत जातो आणि सिस्टर तिकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ज्याचं तोंड पाहायला हवं, नेमकं तेच सोडून त्या गल्लीभर फिरतात. ही हयगय होती की लपवाछपवी? एका संध्याकाळी, अंगणात चहा घेताना, मी सरळ विचारलं.

सिस्टरनी कप खाली ठेवला.

"आधी बघायचे की. रोज. वॉर्डातल्यासारखं, बॅटरी मारून. एक दिवस मिलिंद घर सोडून गेला. आठ दिवसांनी अजिंठ्याला सापडला, एका हॉटेलात कपबशा धूत होता. म्हणला, ताई, येतो. गोळी घेतो, डॉक्टरकडं बी येतो. पण तू तोंड बघायचं नाय. मी घरात भाऊ हाय, पेशंट नाय."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणले, मान्य करा. विश्वासानं घेतली तर टिकंल. केलं मान्य. पण लई जड जातं ओ. मग संशय कुठंतरी काढावा लागतो."

तेवढ्यात मिलिंद बाहेर आला. मला "बसा साहेब" म्हणाला, गोळीची बशी उचलून स्वयंपाकघरात गेला. सिस्टरनी खुर्ची फिरवली आणि रस्त्याकडे तोंड केलं. मी बसलो होतो तिथून स्वयंपाकघर स्पष्ट दिसत होतं. मिलिंदनं गोळी तोंडात टाकली, पेलाभर पाणी पिऊन घेतलं आणि पेला विसळून पालथा घातला.

"सिस्टर, त्यानं..."

मागे न वळता त्यांनी हात वर केला.

"सांगू नका. आज सांगितलं, तर उद्या बी विचारीन."